तिसऱ्या कडव्यातली बाटली

१९६८ साल. मी पंधरा वर्षांचा होतो, आणि मला वाजवता येत होतं ते एकच वाद्य, ऑरेंज सोड्याची रिकामी बाटली. लोकांना हसू येतं. येऊ दे. ती बाटली अंगाला कंगोऱ्यांची असायची. डाव्या हातात मानेपाशी सैल धरायची, कारण घट्ट धरली की आवाज मरतो, आणि उजव्या हातातल्या चार इंची खिळ्याने कधी कंगोऱ्यांवरून घासायची, कधी बुडाजवळ ठोकायची. घासली की खर्र, ठोकली की टिण. मोंबासात तेव्हा गिटारवरची जी गाणी गल्लोगल्ली वाजायची, त्यातल्या कितीतरी गाण्यांना ताल म्हणून हीच बाटली असे. शाळेत मी पाचवीत दोनदा नापास झालो आणि तिथेच थांबलो. बाटली मात्र मला एका दुपारात आली.

आमचं घर बंदराच्या बाजूला, पत्र्याच्या छपराचं, दोन खोल्यांचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गोदीच्या वर्कशॉपात फिटर होते. चिपळूणहून गेलेला माणूस, कमी बोलायचा आणि हात चटकन उचलायचा. आईने तिथल्या बाजारात आपलं स्वयंपाकघर शोधून काढलं होतं. मोगो म्हणजे कसावाचं मूळ, ज्याचा साबुदाणा होतो, म्हणून ते उपासाला चालतं असं तिनेच ठरवलं, आणि आमच्या एकादशीला उकडलेल्या मोगोवर जिरं, मिरची आणि ओलं खोबरं पडायचं. शेजारची मरियमबिबी नारळ खवायला बसली की तिच्या खवणीचा आवाज आणि आईच्या खवणीचा आवाज एकमेकांत मिसळायचा, कुठला कुणाचा ते कळायचं नाही. मरियमबिबीकडे तुरीचे दाणे नारळाच्या दुधात शिजायचे, त्याबरोबर वेलची घातलेले तळलेले पाव. आई म्हणायची, तिच्याकडे खाऊ नकोस. मी खायचो. परत आलो की आई तोंडाचा वास घ्यायची आणि ताटात चपाती एक कमी पडायची.

रस्त्याच्या कोपऱ्यावर लालजीभाईंचं ग्रामोफोन रेकॉर्डचं दुकान होतं. मी तिथे झाडलोट करायचो, रेकॉर्डी पुसायचो आणि दारावरच्या कर्ण्यातून दिवसभर गाणी सोडायचो. दुपारी दुकान बंद झालं की मागच्या खोलीत रेकॉर्डिंग व्हायचं. भिंतींना गोणपाट ठोकलेलं, पंखा बंद, आणि मधोमध एकच माइक. एकाच माइकवर सगळं घ्यायचं म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं याला फार महत्त्व. लालजीभाई जमिनीवर खडूने फुल्या मारायचे. गाणारा माइकपासून एका हातावर, गिटार दोन पावलांवर, आणि बाटली पार दाराशी, कारण बाटलीचा आवाज सगळ्यांना कापून पुढे येतो. आपल्या फुलीवरून पाऊल हलवायचं नाही. आज माझी नात ईरा बेडरूममध्ये बसून फोनवर पाच पाच आवाज वेगवेगळे भरते आणि मग जुळवते. मी तिला म्हणतो, आम्ही पायाने जुळवायचो.

सालिम नावाचा गाणारा होता, धंद्याने शिंपी. त्याचं एक गाणं होतं, दाराशी उभ्या राहिलेल्या पाहुण्याला आत ये म्हणणारं. त्याचा बाटलीवाला तापाने पडला आणि सालिमने मला फुलीवर उभं केलं. दोन कडवी मी अशी वाजवली की अजून मनगटात आहेत. तिसऱ्या कडव्याला बाहेर सायकलची घंटा वाजली. आमच्या अण्णांच्या घंटेचं झाकण सैल होतं, ती एकदा दाबली तरी दोनदा वाजायची. अण्णांना माझं बाटली वाजवणं खपत नसे; घंटा ऐकली आणि माझा हात थांबला. दोन ठोके गेले. सालिमने गाता गाता माझ्याकडे पाहिलं आणि तो हसला, आणि ते हसू त्याच्या आवाजात उतरलं. तिसऱ्या ठोक्याला मी परत धरलं. गाणं संपल्यावर लालजीभाई म्हणाले, चालेल. मी घरी गेलो तेव्हा अण्णा ओसरीवर वाटच बघत होते. त्या माराबद्दल लिहीत नाही. त्यानंतर दुकान बंद, बाटली बंद, आणि तीन आठवड्यांत आम्ही सहकुटुंब बोट धरली आणि देशात परत आलो. रेकॉर्ड निघाली तेव्हा मी तिथे नव्हतो. ती मी कधी ऐकलीच नाही.

पण सांगितली मात्र सगळ्यांना. मिरजेत मी लाउडस्पीकरचा धंदा केला, लग्नं, उत्सव, निवडणुका, आणि जो माझ्या दुकानात चहा प्यायला त्याला मी सांगितलं की माझा हात रेकॉर्डवर आहे. बायकोला लग्नानंतर आठव्या दिवशी सांगितलं. ती गेली, पण जाईपर्यंत तिने कधी शंका घेतली नाही. मुलाने घेतली. महेश इंजिनियर झाला, अमेरिकेत आला, मला टेक्सासात फ्रिस्कोला घेऊन आला, आणि घरी कुणी पाहुणे आले की मी तोंड उघडायच्या आत म्हणायचा, "बाबा, प्लीज, ते बाटलीचं आज नको." इथल्या मराठी मंडळात पाटणकर म्हणून कार्यक्रमांचं बघणारे गृहस्थ आहेत, पुण्याचे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "काका, वाजवलीत म्हणताय तर रेकॉर्ड दाखवा की. आमच्याकडेही एकजण राष्ट्रपतींबरोबर जेवलेले आहेत." सगळे हसले. महेशही हसला. पाटणकरांचं मला काही वाटलं नाही. महेशचं वाटलं.

आता मागच्या वर्षीचं सांगतो. माझा गुडघा बदलला आणि व्यायाम करून घ्यायला एक मुलगी लावली, हलिमा. पाय उचला, दहा मोजा, खाली. ती इंग्रजीत मोजत होती. दुखायला लागलं तसा मी दात आवळून माझं माझं स्वाहिलीत मोजायला लागलो, मोजा, म्बिली, टाटू, म्हणजे एक, दोन, तीन. तिने माझा पाय तसाच हवेत धरून ठेवला.

"हे कुठून आणलंत?" ती स्वाहिलीत म्हणाली.

"आधी पाय खाली सोड," मी स्वाहिलीतच म्हणालो.

ती मोंबासाची निघाली. आमच्या दुकानाचा रस्ता तिला माहीत होता, तिथे आता मोबाइल विकतात म्हणे. साठ वर्षं तोंडात न आलेली भाषा अशी यायला लागली की मला मराठी शब्द आठवेना. त्या दिवसापासून ती मला बाबू म्हणायला लागली, त्यांच्याकडे आजोबाला बाबू म्हणतात. दर बुधवारी दुपारी व्यायाम झाला की आम्ही गराजमध्ये गाणी ऐकत बसायचो. पहिल्या बुधवारी तिने फोनवर गाणं लावलं. मी म्हटलं, हे गाणं आहे की डब्यात माशी अडकलीय? मी महेशच्या जुन्या सामानातून दोन स्पीकर काढले, त्यांचे फाटलेले कागद चिकटवले, लाकडी खोकी केली. पुढच्या बुधवारी त्याच गाण्याला खालचा आवाज आला आणि शेल्फवरचे रंगाचे डबे थरथरले. हलिमा म्हणाली, "बाबू, हे मी शंभरदा ऐकलंय, आज पहिल्यांदा ऐकलं."

ती नवीन ऐकवायची, मी जुनं सांगायचो. नव्यातलं मला निम्मं आवडलं नाही, तेही लिहून ठेवतो. सगळ्यांचे आवाज एकाच साच्यातून काढल्यासारखे. पण काही पोरं आहेत टांझानियाची, नैरोबीची, ती शब्द असे फेकतात की बंदरावरचे हमाल आठवतात, आणि गिटार कुठे मागून येते ती थेट सालिमच्या गल्लीतली. मी ते दाखवलं की हलिमा गाणं थांबवायची, मागे घ्यायची, परत ऐकायची. तिच्या मामाने मोंबासाहून जुनी गाणी पाठवायला सुरुवात केली. त्यातलं एक ऐकल्या ऐकल्या मी म्हटलं, हे पळवलंय, रेकॉर्ड चुकीच्या वेगाने फिरवलीय. मामा तिकडून म्हणाला, तुमचा म्हातारा बहिरा आहे. मग त्याने नीट लावून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी माफी मागितली.

ईराही यायला लागली. सोळा वर्षांची, माझ्याशी इंग्रजीतच बोलते, मी मराठीत बोलतो, आमचं चांगलं चालतं. यातली नवी गाणी तिच्या फोनवर आधीपासून होती. तिच्या शाळेतली अर्धी पोरं त्यावर नाचतात म्हणे. तृप्ती, आमची सून, फ्रोजन मोगो तळून तिखटमीठ लिंबू लावून गराजमध्ये आणून द्यायची, हलिमा डब्यातून वेलचीचे पाव आणायची. एकदा महेश ऑफिसच्या कॉलवरून उठून दारात आला आणि बघत उभा राहिला. हलिमा आणि ईरा नाचतायत, मी बाटली वाजवतोय. "आवाज कमी करा जरा, मीटिंग आहे," म्हणाला, पण लगेच गेला नाही. त्याच दिवशी मी ईराला तिसऱ्या कडव्याची सगळी गोष्ट सांगितली. घंटा, दोन ठोके, सालिमचं हसणं. बाकी कुणाला मी चुकलो हे कधी सांगितलं नव्हतं. वाजवली एवढंच सांगायचो.

मामाला रेकॉर्ड सापडली, आणि त्याने तिच्यावरचं गाणं फोनवर भरून पाठवलं. सालिमचं नाव, लालजीभाईंच्या दुकानाचा शिक्का, तेच गाणं. हलिमाने फोनवर फोटो दाखवला तेव्हा मी खुर्चीत बसून घेतलं. माझी इच्छा होती तिथेच गराजमध्ये ऐकायची. पण महेशने ऐकलं नाही. त्याने मंडळाच्या ज्येष्ठांच्या मेळाव्यात ती लावायचं ठरवून टाकलं. त्याने स्वतः पाटणकरांना फोन केला. मी शेजारी होतो. म्हणाला, "पाटणकर, रेकॉर्ड मिळालीय. शनिवारी दुपारी पंधरा मिनिटं पाहिजेत. माझ्या वडिलांना." असा आवाज त्याने माझ्यासाठी कधी लावला नव्हता. मग मी म्हटलं, ठीक आहे, तिथेच ऐकू.

शनिवारी हॉलमध्ये शंभरएक माणसं. कार्यक्रमाचं पत्रक छापलेलं, त्यात सालिमच्या नावाखाली माझं नाव, पुढे "बाटली". हलिमा, तिचा नवरा, दोन मुलं पहिल्या रांगेत. पाटणकरांनी बोलून दाखवलं की मी काकांची थट्टा केली होती, आज जाहीरपणे शब्द मागे घेतो. महेशने फोन जोडला. मी माझे स्पीकर नेले होते, त्या हॉलच्या स्पीकरवर माझा भरवसा नव्हता.

गिटार आली. मग बाटली आली आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. महेशने वळून माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरलेले होते, हे मी पाहिलं. मी मान हलवली. पण माझ्या कानाला काहीतरी बोचत होतं. ही बाटली मनगटातून येत नव्हती, कोपरातून येत होती. मी स्वतःला म्हटलं, इतकी वर्षं झाली, पोरवयातला हात आहे, तुला काय आठवतंय. दुसरं कडवं गेलं. तिसरं आलं. बाटली सरळ चालली, टिण टिण टिण, एक ठोका इकडेतिकडे नाही. सालिम सरळ गायला. हसला नाही.

मी तिसऱ्या कडव्यापासून शेवटापर्यंत पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहत बसलो. मी शिकलेला नाही, पण या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नाही. तो मी नव्हतो. आमची बोट सुटायच्या आत किंवा सुटल्यावर लालजीभाईंनी सालिमला परत फुलीवर उभं केलं होतं, आणि दाराशी दुसरा कुणी उभा होता. का, तेही उघड होतं. मी दोन ठोके खाल्ले होते. चालेल म्हणाले ते पोराचं मन राखायला.

लोक उभे राहिले. पाटणकरांनी शाल घातली आणि वाकून नमस्कार केला. मी काय केलं? शाल घेतली. नमस्कार घेतला. फोटो काढले. महेश माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता, आणि तो हात काढला जाईल असं काही मला त्या वेळी बोलायचं नव्हतं. आज लिहिताना मला यात लपवण्यासारखं वाटत नाही. तुम्हीही घेतली असतीत.

घरी आल्यावर संध्याकाळचा चहा झाला. तृप्ती फोटो सगळ्यांना पाठवत होती, महेश त्याच्या मित्राला फोनवर सांगत होता, "अरे यार, रिअली, बाबाच आहेत." ईरा माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आबा, व्हेअर वॉज द मिस्टेक? इन द थर्ड वर्स."

पोरगी ऐकत होती. शंभर माणसांत एकटी तीच ऐकत होती.

"रेकॉर्ड घासलीय," मी म्हटलं. "जुनी झाली की ठोके भरून येतात."

"दॅट्स नॉट अ थिंग, आबा."

"तुला जास्त कळतं का? मी चाळीस वर्षं स्पीकर लावलेत." माझा आवाज चढला होता. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, "ओके" म्हणाली आणि वर निघून गेली. जिन्यावर तिने रोजच्यासारखं मागे वळून हात केला नाही.

लोकांपुढे शाल घेतली ते एक वेळ ठीक. पण कान असलेल्या माणसाला कान नाहीत असं मी सांगितलं, ते मला गिळेना. आयुष्यात मी गिऱ्हाइकाला वाईट स्पीकर चांगला म्हणून दिला नाही. जेवायला बसलो, दोन घास खाल्ले, उठलो. महेश म्हणाला, "बाबा, दमलात का?" मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी ईराच्या दारावर काठी आपटली. रविवारी ती अकराशिवाय उठत नाही, तरी उठवली. म्हटलं, खाली ये, महेशलाही बोलव. दोघं पायजम्यात येऊन बसले. तृप्ती चहाचं भांडं हातात घेऊनच आली. मी म्हटलं, "ईरा, तू बरोबर ऐकलंस. तिथे चूक नव्हती, कारण तिथे मी नव्हतो. ती दुसऱ्याची बाटली आहे." महेशने कपाळाला हात लावला. मी त्याला अण्णांची घंटा सांगितली, दोन ठोके सांगितले, जे त्याच्या आईलाही सांगितलं नव्हतं.

त्याने तृप्तीच्या हातातलं भांडं घेऊन टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही वाजवली होती."

"वाजवली होती. रेकॉर्डवर नाही."

"मग राहू द्या ना बाबा. कुणाला कळणार आहे?"

"हिला कळलं," मी ईराकडे बोट दाखवून म्हटलं. "आता पाटणकरांना लाव. आणि स्पीकरवर ठेव."

"सातला?"

"लाव."

पाटणकरांचा आवाज झोपेत होता. मी त्यांना सगळं एका दमात सांगितलं आणि म्हटलं, शाल हवी तर परत घेऊन जा. ते म्हणाले, "काका, शाल राहू द्या हो. पण पत्रक छापून वाटलंय, वेबसाइटवरही गेलंय. आता काय करायचं म्हणता?" मी म्हटलं, "वेबसाइटवर दुरुस्त करायचं. कागद घ्या, मी सांगतो तसं लिहा." ईराने तिची खुर्ची माझ्या खुर्चीला लावली. पलीकडे पाटणकर पेन शोधत होते, ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. "हं, सांगा काका." मी त्यांना हळूहळू सांगितलं, एक एक शब्द, गायक सालिम, आणि माझं नाव होतं तिथे, बाटली, वाजवणाऱ्याचं नाव माहीत नाही, हात उत्तम.